भट्टीच्या तोंडाशी

त्यांना आधी मी पाहिलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या इथल्या मराठी मंडळींत मातीच्या भांड्यांचा विषय निघाला की हल्ली सगळे माझ्या मैत्रिणीकडे वळतात, आणि मी शेजारी बसून समजूतदारपणे हसत राहते. ते हसू खोटं असतं.

इथे हॉलंडात, उइटहॉर्नच्या आठवडी बाजारात चीझवाला आणि मोजेवाला यांच्यामधे एक उंच, लाल नाकाचे म्हातारे गृहस्थ तपकिरी भांडी मांडून उभे होते. मी कोथिंबिरीसाठी गेले होते. भांड्यांवर काळपट ठिपके होते, भाकरीवर पडतात तसे. त्यातलं एक मी उचललं. दोन बुटकी मडकी पोटाला पोट लावून जोडलेली आणि दोघांवर मिळून एकच कडी. हे काय म्हणून विचारलं, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "शेतावर नवऱ्याचं जेवण. एकात सूप, एकात लापशी. एका हातात दोन्ही. दुसरा हात मोकळा, पोराला धरायला नाहीतर कुत्र्याला काठी दाखवायला."

तेवढ्यात एका डच बाईने दुसरं भांडं उचलून विचारलं, हे डिशवॉशरमध्ये चालतं का? त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. हे विकायचं नाही म्हणाले. मला ते तेव्हाच आवडले.

ते लाटव्हियाचे, तिकडच्या पूर्वेच्या, तळ्यांच्या मुलखातले. आजोबा कुंभार, वडील कुंभार, हे कुंभार. मुलगी नोकरीसाठी ब्रेडाला आली आणि तिच्यामागे हे आले. बायकोने मात्र परदेशाला साफ नकार दिला होता, ती गावीच राहिली होती. आठवडाभर ते फुलांच्या हरितगृहात फांद्या छाटायचे, खोकी भरायचे. उरलेला सगळा वेळ गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या काचघरात. त्या काचघराचं एक टोक त्यांनी भाड्याने घेतलं होतं आणि तिथे स्वतःच्या हाताने विटांची भट्टी रचली होती. लाकूड जाळायची परवानगी जागेच्या मालकाने खेमेन्टेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, कशी मिळवली ते त्यालाच ठाऊक.

आणि तिथे त्यांचं चाक होतं. ओकच्या लाकडाचं, खाली पायाने ढकलायची मोठी जड तबकडी, वर माती ठेवायची छोटी. ते वडिलांचं होतं आणि लाटव्हियाहून व्हॅनमध्ये घालून आणलं होतं. पाय टेकवायच्या फळीवर लाकूड झिजून खोलगट झालं होतं. त्या खळग्यात आधी वडिलांची टाच आणि मग ह्यांची.

मला शिकवा म्हटलं तर म्हणाले, नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले, तरी नाही. मग एकदा घरचं लिंबाचं लोणचं नेलं. काळ्या पावावर लोण्यासारखं फासून त्यांनी ते खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणखी खाल्लं आणि म्हणाले, "सोमवारी ये. आधी माती मळायची. चाकाला हात लावायचा नाही."

मी हिवाळाभर माती मळली. मळायचं मला नवीन नव्हतं, पण ही माती कणकेसारखी ऐकत नाही. फिट्सवरून, म्हणजे सायकलवरून, तोंडावर वारा खात जायचं, बोटं बधिर, आणि काचघरात त्याहून गार. पुण्यात मी एका आर्किटेक्टकडे नोकरी करत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि कितीतरी वर्षं फक्त कोणाची तरी बायको होते. आता एका ऑफिसात अर्धा दिवस रिसेप्शनला बसते, पण गणपतीत ओळख करून देताना अजून नवऱ्याच्याच कंपनीचं नाव निघतं. ते काचघर माझं होतं. तिथे मला कोणी आणलं नव्हतं, मी स्वतः शोधून गेले होते.

आणि मग पुढच्या दिवाळीत मी फराळाला जाऊन तोंड उघडलं.

माझी मैत्रीण हार्लेमला राहते. आम्ही एकाच वर्षी, एकाच तऱ्हेच्या व्हिसावर, नवऱ्यांच्या मागून आलो. मग तिला आयटीत नोकरी लागली, डच परीक्षा पहिल्या फटक्यात झाली, आणि हार्लेमला बाग असलेलं घर झालं. तिची चकली कधी मोडत नाही. ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, हेही खरं.

"अगं, मी पॉटरी शिकतेय," मी म्हटलं. "प्रॉपर, किक-व्हीलवर. एका लाटव्हियन मास्टरकडे."

"काय सांगतेस! मला पण ने ना एकदा. मज्जा येईल."

"ये की," मी म्हणाले. माझी जीभ तेव्हाच का झडली नाही कोण जाणे.

मी त्यांना इतके महिने 'सर' म्हणत होते. तिने पहिल्याच दिवशी 'अंकल' म्हटलं आणि त्यांनी ओ दिली. तेव्हापासून मीही अंकलच म्हणायला लागले. तिला त्यांनी माती मळायला लावलीच नाही. मी मळलेला गोळा उचलून चाकावर थापला आणि गंमत म्हणून तिला बसवलं. तो गोळा चाकाच्या मधोमध बसवणं हेच सगळं कौशल्य. जरा बाजूला राहिला की भांडं डुगडुगतं आणि शेवटी फाकून पडतं. मला ते अजून जमत नव्हतं. ती बसली, मला ऑफिसातल्या कोणाची तरी गोष्ट सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या हातांखाली तो गोळा शांत झाला. फिरतोय की नाही कळू नये इतका.

अंकल खाली वाकले, डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "लाबी."

लाबी म्हणजे चांगलं. त्यांच्या भाषेतला हा पहिला शब्द मी शिकले, तो तिला म्हटलेला ऐकून.

त्यानंतर ती दर शनिवारी यायला लागली. मी मधल्या वारी संध्याकाळी जाऊन गुपचूप सराव करायची, तरी शनिवारी तिचंच भांडं उंच निघायचं. अंकल भिंत किती जाड ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायचे. माझ्या भांड्याची भिंत धरली की हुं म्हणायचे आणि बोट पुसायचे. तिचं धरलं की स्वतःच्या वडिलांची गोष्ट सुरू. वडील घोडागाडीत गवत घालून भांडी जत्रेला न्यायचे, आणि रस्त्यात एक जरी फुटलं तरी परत फिरायचे, कारण दिवस वाईट. मुलखातले कुंभार एकमेकांची भांडी दुरून ओळखायचे आणि तोंडावर नावं ठेवायचे. अंकल स्वतः काही कमी नव्हते. बाजारात कोणी स्तुती केली तर आणखी ऐकण्यासाठी बहिऱ्यासारखं "काय?" म्हणायचे. या सगळ्या गोष्टी मी ऐकल्या, पण त्या मला सांगितलेल्या नव्हत्या. मी तिथे माती मळत असायचे म्हणून कानावर पडल्या. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

वसंतात एका शनिवारी अंकलनी चहाचा मग खाली ठेवला आणि सांगून टाकलं. गुडघे गेले. बायको फोनवर रोज ओरडते. हिवाळ्याच्या आधी ते कायमचे घरी जाणार.

"आणि चाक?" मी विचारलं. जरा घाईनेच.

"चाक इथे राहील. तिकडे भावाचं आहे, ते पुरे. तुमच्यापैकी एकीकडे राहील. शेवटच्या भट्टीनंतर सांगेन."

मैत्रीण "अरे वा" म्हणाली आणि हात धुवायला गेली. मी त्या झिजलेल्या फळीकडे बघत राहिले. मला ते हवं होतं. आयुष्यात मला एखादी वस्तू इतकी हवी झाल्याचं आठवत नाही, ना दागिना, ना घर. तिला मिळालं असतं तर तिच्या सुंदर घरातली ती आणखी एक सुंदर वस्तू झाली असती. मला मिळालं असतं तर मी कोणीतरी झाले असते.

त्या उन्हाळ्यात मी घरामागची शेड रिकामी केली. नवऱ्याचे हिवाळी टायर, बार्बेक्यू, मुलाची लहानपणची सायकल, सगळं बाहेर.

"अजून मिळालं तर नाही ना तुला?" नवरा म्हणाला.

"मिळेल."

"आणि तिला दिलं तर?"

"टायर कुठे ठेवायचे ते बघ तू," मी म्हटलं.

शेवटच्या भट्टीत भांडी त्यांच्या मुलखाच्या जुन्या पद्धतीने भाजायची ठरली. भांडं लालबुंद तापलं की चिमट्याने बाहेर काढायचं आणि आंबवलेल्या पिठाच्या पाण्यात बुडवायचं. पीठ तिथल्या तिथे करपतं, भांड्याच्या अंगात मुरतं आणि ते भाकरीसारखे डाग उठतात. मग भांडं पाणी धरतं. त्यासाठी राय नावाच्या धान्याचं पीठ पाण्यात कालवून दिवसेंदिवस आंबवायचं असतं. पण पानगळ लागलेली आणि ते थंडगार काचघर. बादली तशीच निपचित पडून होती, एक बुडबुडा नाही. अंकल तिच्याकडे बघून शिव्या देत होते.

इथे मात्र माझं राज्य होतं. हॉलंडच्या थंडीत इडलीचं पीठ फुगवलेली बाई आहे मी. बादली घरी आणली, दोन मोठ्या पातेल्यांत ओतली, ओव्हनमध्ये ठेवून आतला फक्त दिवा चालू ठेवला. वर आमच्या घरच्या पिठाचं डावभर विरजण घातलं. सकाळी पातेली उतू गेली होती आणि घरभर आंबिलीसारखा वास. मुलाने नाक धरून डचमध्ये काहीतरी म्हटलं आणि खिडक्या उघडल्या. मी बादली झाकून मैत्रिणीच्या गाडीत ठेवली, कारण फिट्सवरून ती येणं शक्य नव्हतं.

काचघराशी उतरल्यावर बादली तिने उचलली. माझ्या हातात लाकडं होती. अंकलनी झाकण काढलं, फेस बघितला, बोट बुडवून चाटलं आणि तिच्या खांद्यावर थाप मारली.

"लाबी! लाबी!"

"मी नाही हो अंकल, हे सगळं हिने केलंय," ती लगेच म्हणाली. इंग्रजीत, मोठ्याने, माझ्याकडे बोट दाखवून. तिच्यावर धड रागावताही येत नाही, हीच तर तऱ्हा आहे.

अंकलनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतकं आंबट का?"

मग कामं वाटली. मैत्रिणीने चिमटा धरायचा, वरच्या तोंडातून भांडी काढायची आणि बुडवायची. अंकल शेजारी उभे राहणार. मला त्यांनी हाताला धरून खाली नेलं, भट्टीच्या मागच्या बाजूला, जिथे जाळ घालायचं तोंड होतं. एक लाकडी ठोकळा बसायला दिला. "आग तुझी. बर्च आधी, मग पाईन. थांबायचं नाही."

मी फुलून गेले. भट्टीत आगीपेक्षा मोठं काय असतं? आग बिघडली तर सगळं बिघडलं. ती त्यांनी मला सोपवली होती, तिला नाही. मी लाकूड घालत होते, चेहरा भाजत होता, पाठ गारठत होती, आणि मी मनातल्या मनात चाक शेडमध्ये कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवत होते. फोन काढून स्वतःचा एक फोटोही घेतला आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भट्टी सांभाळताना.' त्यावर हात जोडलेली चित्रं आली. पलीकडून चर्र आवाज यायचा, पिठाचा करपट वास यायचा, दोघांचं हसू ऐकू यायचं. दिसत काही नव्हतं. त्या बाजूने एकही भांडं दिसत नाही.

दुपारी अंकलची मुलगी ब्रेडाहून व्हॅन घेऊन आली, सामान न्यायला. चांगली धिप्पाड, हसरी बाई. पेपर कपांतून कॉफी वाटत ती आधी वरच्या बाजूला गेली, मग मैत्रिणीला घेऊन माझ्याकडे आली. मला त्या ठोकळ्यावर बसलेली बघितलं आणि खो खो हसायला लागली. वडिलांना त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडून म्हणाली. पलीकडे चर्र आवाज चालूच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. तिचं इंग्रजी उत्तम होतं.

"काही नाही, आमच्याकडची जुनी गंमत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरी भट्टीच्या दिवशी जो जळतो, म्हणजे ज्याला दुसऱ्याचं बघवत नाही, त्याला आगीपुढे बसवतात. तिथून भांडी दिसत नाहीत ना. त्याची नजर सगळी आगीत जाते आणि भांडी तडकत नाहीत. माझी आत्या जन्मभर तिथेच बसली. मस्त जाळ घालायची."

मैत्रीण शेजारीच उभी होती, हातात चिमटा, गालावर काजळी. तिने सगळं ऐकलं होतं. ती कॉफीच्या कपात बघत होती.

माझी आई माझी दृष्ट काढायची. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, तडतडल्या की म्हणायची, बघ, कुणाची तरी लागली होती. शाळेत नंबर आला की काढायची, नवीन फ्रॉक घातला की काढायची. इथे येताना विमानतळावर निघण्याआधीसुद्धा काढली होती. ती कुणाची तरी म्हणजे नेहमी दुसरीच कोणी बाई असायची, आमच्या आळीतली, डोळे वटारून बघणारी. ती बाई मी असू शकते असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि म्हाताऱ्याला ते माहीत होतं. किती दिवसांपासून? माझ्या भांड्याची भिंत धरून बोट पुसायचे तेव्हापासून? रागाने माझे कान गरम झाले. उठून निघून जावं, फिट्स काढावी असं वाटलं, पण मी तिच्या गाडीतून आले होते. आणि उठले असते तर चाक गेलं असतं. मी बसले. लाकूड घातलं, त्यावर आणखी घातलं. इतकं घातलं की पलीकडून अंकल ओरडले, "बास, बास!" तरी एक घातलं.

त्या दिवशी एकही भांडं तडकलं नाही. अंकल म्हणाले, असं त्यांच्या वडिलांच्या हातूनही क्वचितच झालं असेल. सगळी भांडी गवतावर मांडली. मधोमध मैत्रिणीने केलेलं जोडमडकं होतं, दोन पोटं, एक कडी, आणि त्यावर असे डाग उठले होते की बघत राहावं. मी बघत राहिले. आता बघायला हरकत नव्हती, भांडी गार झाली होती.

अंकलनी हात पुसले, चाकापाशी गेले आणि मैत्रिणीला खुणेने बोलावलं. "हे तुझं," एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही.

"नको अंकल," ती म्हणाली. "माझ्याकडे जागा नाही. हिला द्या."

जागा नाही! तिच्या बागेतली शेड आमच्या बैठकीच्या खोलीएवढी आहे. त्या शेडच्या सावलीत बसून आम्ही दर उन्हाळ्यात तिच्याकडे जेवतो. अंकल तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काजळी होती, त्यामुळे काय दिसलं असेल कोण जाणे. त्यांनी खांदे उडवले. "लाबी," ते म्हणाले. आम्हा दोघींपैकी कोणाला, ते कळलं नाही.

त्यांच्या मुलीने चाक व्हॅनमधून माझ्या घरी आणलं. तिघींनी मिळून ते मागच्या दाराने आत घेतलं. शेड झाडून पुसून तयार होती, जमिनीवर रबरी चटई, भिंतीला नवीन दिवा. उन्हाळ्यापासूनची तयारी. मैत्रिणीने ते सगळं बघितलं आणि दिव्याचं बटण दाबून पाहिलं. व्हॅन गेल्यावर मी तिला धरलं.

"का नाही घेतलंस?"

"अगं, तुला हवं होतं ना."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? पहिल्या दिवसापासून दिसतंय." तिने माझ्या केसांतली राख झटकली. "आणि मला काय फरक पडतो? मी कशावरही करेन."

तिने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. मी खूप विचार करून पाहिला, त्यात टोमणा सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. ती खरोखर कशावरही करेल. पुढच्याच महिन्यात तिने कोणाचं तरी वापरलेलं विजेचं चाक आणलं आणि त्यावर करायला लागली. मंडळाच्या दिवाळीत तिच्या पणत्या होत्या.

अंकल गेले. अधूनमधून त्यांची मुलगी फोटो पाठवते, तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलेले, शेजारी बायको. मी रोज संध्याकाळी शेडमध्ये बसते. त्या खळग्यात टाच ठेवली की ती नीट बसते, पायाला चाक ऐकतं, आणि माझी भांडी आता डुगडुगत नाहीत. बरी होतात. कधी कधी चांगलीही होतात.

एखाद्या रविवारी ती हार्लेमहून येते. मी चहा ठेवायला आत जाते, तेवढ्यात ती सहज चाकावर बसते. मी तिला बस म्हणत नाही आणि ऊठही म्हणत नाही. चहा गाळून, ट्रे घेऊन मी बाहेर येते तोवर भांडं झालेलं असतं. ती हात पुसत म्हणते, "किती सुंदर चाक आहे गं तुझं," आणि तिला ते खरंच वाटत असतं, आणि ते तिला अजूनही नको असतं.